काचेखालचा हात

सोमवार म्हणजे थोरल्यांच्या आंघोळीचा दिवस. सरकारी कागदावर त्याला ‘साप्ताहिक देखभाल’ म्हणत, पण दालनात काम करणाऱ्यांच्या तोंडी आंघोळच. ज्यांनी देश उभा केला ते थोरले वारले त्याला जमाना लोटला होता, तरी त्यांना मातीत ठेवायचं धाडस एकाही सरकारला झालं नव्हतं. औषधं भरून, काचेच्या पेटीत, थंडगार दालनात त्यांना निजवून ठेवलं होतं आणि आठवड्याचे बाकीचे दिवस लोक रांगा लावून त्यांना बघून जात. चारचौघांत सगळे त्यांना थोरले म्हणायचे. आंघोळीच्या वेळी मात्र म्हातारा.

कामाची वाटणी ठरलेली होती. शरीर डॉक्टरांचं, मेण मेणबाईचं. कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा, पापण्यांच्या कडा, जिथे जिथे म्हाताऱ्याने दगा दिला होता तिथे तिथे मेण भरलेलं होतं. ते मऊ ब्रशने झाडायचं, रंग उडाला असेल तर लावायचा, चीर गेली असेल तर बुजवायची. आणि उजवा हात. तो मनगटापासून पुढे अख्खा मेणाचा होता.

हे लोकांना ठाऊक नव्हतं. लोकांना ठाऊक होता तो हातावरचा डाग. अंगठ्याच्या मुळाशी, लालसर, सुरकुतलेला, भाजल्याचा. परक्यांच्या तुरुंगात जेलरने तापल्या सळईने डागलं आणि थोरल्यांनी हूं की चूं केलं नाही, ही गोष्ट देशातलं शेंबडं पोरही सांगायचं. शाळेत त्यावर धडा होता, धड्याखाली प्रश्न होते. म्हाताऱ्या बाया काचेसमोर आल्या की तोंडाकडे बघायच्याच नाहीत. आधी हात बघायच्या आणि रुमाल काढायच्या.

तो डाग मेणबाईच्या वडिलांचा होता.

हे कसं झालं ते सांगायलाच हवं. ती दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. ऐन उन्हाळ्यात थंडाव्याचं यंत्र बंद पडलं आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत म्हाताऱ्याचा उजवा हात काळाठिक्कर पडला. राष्ट्रदिन तोंडावर आलेला, देशोदेशीचे पाहुणे यायचे होते. तेव्हा मेणाचं काम तिचे बाबा बघत. नवा हात घडवत बसायला सवड नव्हती. बाबांचा हात मापाला जुळत होता, म्हणून त्यांनी स्वतःचाच उजवा हात साच्यात घातला आणि एकट्या डाव्या हाताने सगळी खटपट करून मेण ओतलं. मग रंग जमावा म्हणून आपला हात शेजारी धरला आणि बघून बघून रंगवला. नेमकी तिथेच माशी शिंकली. कधीकाळी उकळतं मेण सांडून त्यांच्या हातावर डाग पडला होता. तो साच्यातून उतरला आणि बाबांनी इमानदारीने रंगवलासुद्धा. आपल्याच अंगावरची खूण माणसाला कुठली दिसायला.

राष्ट्रदिनाला कुणा पत्रकाराच्या नजरेला तो डाग पडला. दुसऱ्या दिवशी छापून आलं की ही तुरुंगातल्या छळाची खूण. मग गोष्टीत सळई आली, पाठोपाठ जेलर आला. सरकारने नाही म्हटलं नाही, उलट हातावर एक जादा दिवा बसवला. आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की अगदी असाच डाग, अगदी याच जागी घेऊन, एक माणूस बाजारात भाजी घेत हिंडतो आहे. त्यानंतर बाबा एक दिवस कामावर गेले ते गेलेच.

सरकारने कळवलं, फरार. आळीने त्यात बाई घातली. कुणी म्हणे नर्स, कुणी म्हणे तिकीट खिडकीवर बसायची ती. बायका आईला बाजारात गाठून, गळ्यात गळा घालून विचारायच्या, “काही कळलं का गं?” आणि आई पुढे गेली की एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. आईने हे सगळं मुकाट्याने गिळलं. मुलगी मोठी झाल्यावर सरकारला दया आली आणि तिला अनुकंपा तत्त्वावर बापाच्याच जागी घेतलं. फरार माणसाच्या मुलीवर अनुकंपा, यातच सगळं आलं, पण तेव्हा ते कोण बोलणार. पहिल्याच सोमवारी तिने काच उचललेली बघितली, हात बघितला, आणि डाग ओळखला. लहानपणी त्या डागावर बोट फिरवत ती झोपी जायची.

तेव्हापासून ती गप्प होती. आईला सांगावं तर आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी सगळ्या जिन्याला कळायचं. आणि ज्यांच्याकडून बोललं जाण्याची भीती असते त्यांचं काय होतं, ते या घरापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? म्हणून दर सोमवारी ती बापाचा हात पुसायची, घरी येऊन आईला वाढायची, आणि आई कधी ना कधी म्हणायचीच, “टाकून गेला बघ तुझा बाप.” ती पाणी प्यायची.

आता तो हात कायमचा जायचा होता. गेल्या वर्षी जुनी कपाटं उघडली गेली आणि थोरल्यांच्या सहीने उभ्या राहिलेल्या छळछावण्या बाहेर आल्या. त्यात माणसं मेली होती, बायकापोरांसकट. देशात नुसता गदारोळ उठला. जेवणाच्या टेबलावर बाप-लेकांची बोलणी बंद झाली, रेडिओवर विद्वान एकमेकांच्या उरावर बसले. एक बाजू म्हणायची, या माणसाची पूजा कशाला. दुसरी बाजू म्हणायची, ज्याने देशासाठी हात जाळून घेतला त्याला नावं ठेवता, लाज नाही वाटत? सगळं येऊन ठेपायचं त्या डागावर. शेवटी ठरलं की म्हाताऱ्याला मातीत ठेवायचं. सोमवारी शेवटची आंघोळ, मंगळवारी शेवटचं दर्शन, बुधवारी पेटी बंद.

त्या सोमवारी मेणबाईला धड बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. तिने ब्रश धुतलेले परत धुतले, कापूस मोजून ठेवला आणि विस्कटून परत ठेवला. तिच्या पत्र्याच्या डब्यात, फडक्याखाली, एक दुसरा हात होता. गेले कित्येक दिवस दालनाच्या मागच्या खोलीत दार लावून तिने तो घडवला होता. साचा घेतला नव्हता. म्हाताऱ्याचे जुने फोटो आणि त्याचा उरलेला डावा हात बघून, आपल्या मनाने घडवला होता, आणि तो चांगला साधला होता. फक्त त्यावर डाग रंगवायचा की नाही, एवढं ठरत नव्हतं. डाग रंगवला तर कुणाला कळणार नाही आणि जेलरची गोष्ट मातीतसुद्धा जिवंत राहील. नाही रंगवला तर आभाळ कोसळेल. लाल रंगाची बाटली ती उघडायची, हुंगायची आणि परत बंद करायची.

इतक्यात समितीच्या बाई आल्या. सरकारने कागद तपासायला नेमलेल्या त्या इतिहासाच्या प्राध्यापक, सडपातळ, सर्दी झालेल्या. त्या बराच वेळ हाताकडे वाकून बघत राहिल्या.

“मला एक कळत नाही,” त्या म्हणाल्या. “तुरुंगात यांना नेमाने डॉक्टर तपासायचे. ताप आला तरी लिहायचे, दात दुखला तरी लिहायचे. भाजल्याचं कुणीच लिहिलं नाही. तुम्ही इतकी वर्षं हा हात बघताय. तुम्हाला काय वाटतं?”

“मी पुसते फक्त,” मेणबाई म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. “मी बुधवारपर्यंत आहे. जुन्या पोस्टाच्या वरच्या मजल्यावर बसते. कुणी आलं तर मी ऐकून घेते, दुसरं काही करत नाही.” आणि नाक पुसत त्या गेल्या.

त्या जाईपर्यंत डॉक्टर नळ्या पुसत राहिले. आता ते दोन वर्षांत निवृत्त व्हायचे होते. बाबांच्या वेळी ते नवे कोरे होते, नुकते लागलेले.

“बरं केलंस,” ते म्हणाले. “परवा झाकण बसतंय. विषय संपला. तू पण सुटलीस, मी पण सुटलो.”

“मी कशातून सुटले?”

डॉक्टरांनी नळीत औषध भरता भरता हात थांबवला.

“डॉक्टर, बाबांचं नाव कुणी सांगितलं?”

“नाव सांगायची गरज नव्हती. डाग सगळ्यांना दिसत होता.” ते हळू बोलायला लागले. “मी मदतच करायला गेलो होतो गं. वरच्या साहेबांना म्हटलं, डाग काढून टाकता येईल, एका दुपारचं काम आहे. तर ते म्हणाले, कुणाचा? थोरल्यांचा की त्याचा?”

इतकी वर्षं तिने मनाशी जुळवलेलं सगळं खरं निघालं होतं, आणि खरं निघावं अशी इच्छाही होती, तरी तिला भडभडून आलं. डॉक्टर शेजारी होते म्हणून ती रडली नाही. त्या माणसासमोर रडायची तिची इच्छा नव्हती.

“काम तुमचं झालं असेल तर तुम्ही बाहेर बसा,” ती म्हणाली. “मेणाला मी एकटीच हात लावते.”

डॉक्टर गेले. ती काय करणार ते त्यांना कळलं की नाही, देव जाणे. बहुधा कळलं, आणि न कळल्यासारखं करायची त्यांना सवयच होती. मेणबाईने मनगटाची पट्टी सोडली, बापाचा हात काढून फडक्यात गुंडाळला, नवा बसवला, जोडावर कोमट सुरी फिरवली आणि अस्तनी खाली ओढली. लाल रंगाची बाटली तिने उघडलीच नाही. जे म्हाताऱ्याचं नव्हतं ते त्याच्याबरोबर कशाला धाडायचं. मूळचा हात गेल्यानंतर पहिल्यांदाच त्याच्या अंगाला त्याच्यासारखा हात लागला होता.

फाटकावरचा पहारेकरी येताना पिशव्या उलट्यापालट्या करायचा, जाताना बघतसुद्धा नसे. “आतून काय नेणार, म्हाताऱ्याला?” असं तो नेहमी म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. आजही म्हणाला. मेणबाई कसनुसं हसली आणि जेवणाची पिशवी पोटाशी धरून जवळजवळ पळतच घरी आली.

आई खिडकीशी बसून मटार सोलत होती. मेणबाईने दार लावलं, कडी घातली, तीनतीनदा ओढून बघितली, आणि आईसमोर जमिनीवर बसून सगळं सांगून टाकलं. यंत्र, साचा, डाग, बाजार, डॉक्टर. इतक्या वर्षांत हे तिने मोठ्याने कधी म्हटलंच नव्हतं. मग तिने फडकं सोडून हात आईच्या मांडीवर ठेवला.

आईने मटाराची परात बाजूला सारली. हात उलटा केला, सुलटा केला. डागावरून अंगठा फिरवला.

“हा त्याचा नाही,” आई म्हणाली.

“आई, डाग बघ ना.”

“डाग बघितला. डाग काय, कुणीही रंगवेल. त्याची करंगळी वाकडी होती. पोरपणी दारात सापडली होती, ती तशीच जुळली. चमचा धरला की बाहेर यायची. हा बघ, सरळसोट. आणि हे ठिपके कसले? कुणातरी म्हाताऱ्याचा हात आणलास आणि माझ्या मांडीवर टाकलास.”

“सरळ त्यांनीच केली असेल. थोरल्यांची सरळ होती म्हणून. ठिपकेही त्यांच्यासारखे काढले असतील.”

“तुला आठवतं का वाकडी होती ते?”

मेणबाईला आठवत नव्हतं. तिने खूप ताणून बघितलं. डाग आठवत होता, अंगठा आठवत होता, करंगळीच्या जागी काहीच नव्हतं. जन्मभर जपलेली एकच गोष्ट, तीही अर्धीच होती की काय, या विचाराने तिच्या जिवाची नुसती तगमग झाली.

“टाकून गेला तो,” आई म्हणाली. “तू माझी समजूत घालायला हे केलंस. तुझ्या हातात कला आहे, मला ठाऊक आहे.” आणि ती परत मटार सोलायला लागली, इतक्या जोरात की दाणे परातीबाहेर उडायला लागले.

संध्याकाळी दोघी पाठमोऱ्या बसून जेवल्या. हात शिवणाच्या मशीनवर, फडक्यावर पडून राहिला. मेणबाई या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली आणि उजाडल्यावर डोळे चुरचुरत उठली. दालनात जायचं होतं, पण तिने चपला घातल्याच नाहीत.

रेडिओ आईने लावला. पहिल्याच बातमीला दोघी जागच्या जागी थबकल्या. दर्शनाची रांग सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच लोकांनी आरडाओरडा केला होता. थोरल्यांच्या हातावर डाग नाही. एक पुढारी म्हणत होते, समितीने डाग पुसला, हा देशद्रोह आहे. दुसरे म्हणत होते, बघा, नव्हताच. कुणीतरी हातावर फुलांचा ढीग रचला होता, तो कुणीतरी उपसून टाकला होता. मग दालनाच्या प्रमुखांचा आवाज आला, घाईघाईचा. मेणाची किरकोळ डागडुजी करणाऱ्या कर्मचारी बाईंवर संशय आहे, त्या आज कामावर आलेल्या नाहीत. त्यांचे वडीलही याच दालनातून सरकारी सामान घेऊन फरार झाले होते, हे लक्षात घ्यावं.

आईने रेडिओ बंद केला.

“नव्या हातावर तू डाग रंगवला नाहीस,” ती म्हणाली.

“नाही.”

“का?”

“तो बाबांचा होता म्हणून.”

आई मशीनपाशी गेली. हात उचलून खिडकीत आली, उजेडात धरला, डोळ्यांशी नेला. “इथे बघ,” ती म्हणाली. करंगळीच्या मधल्या पेरावर, बाहेरच्या अंगाला, मेण किंचित जाड होतं. बोटाने चाचपल्याशिवाय कळलं नसतं. वाकडं बोट सरळ करताना जे वरती येतं ते बाबांनी तासलं होतं, पण पुरतं नाही. वेळच नव्हता त्यांना. मेणबाईने तिथून शेकडो वेळा ब्रश फिरवला होता आणि तिला ते कधी जाणवलं नव्हतं.

आई खाली बसली. तिने करंगळी मुठीत धरली आणि वाकवायला गेली.

“थांब, मोडेल,” मेणबाई म्हणाली. तिने कढत पाण्यात फडकं बुडवून पिळून आणलं आणि बोटाभोवती गुंडाळलं. मग परत, मग परत. गार झालं की नवं. दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. मेण हळूहळू मऊ झालं तशी आईने करंगळी बाहेर वळवली, थोडी, अजून थोडी, मान तिरकी करून बघितलं, आणि शेंडा जरासा वर उचलला. तिच्या हाताला सगळं पाठ होतं.

“आता हा त्यांचा झाला,” आई म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. ती तोंड उघडं टाकून रडली, आळीला ऐकू जाईल असं, आणि मेणबाईने तिला गप्प केलं नाही. तीही रडली. “टाकून गेले म्हटलं गं मी त्यांना,” आई म्हणत होती. “रोज म्हटलं. जेवताना म्हटलं.”

रडं ओसरल्यावर आईने तोंड धुतलं, बरे कपडे घातले आणि विचारलं, “त्या समितीच्या बाई कुठे बसतात म्हणालीस?”

“आई, तिथे दिला तर हा परत मिळायचा नाही. पुरावा म्हणून ठेवून घेतील. इथे राहू दे. कपाटात ठेवू, कुणाला कळायचं नाही. तुला कधीही बघता येईल.”

“आणि बाहेर?”

“बाहेर काय?”

“बाहेर ते फरारच राहणार ना?” आई केस विंचरत म्हणाली. “मला काल मिळाले, आज धुऊन पुसून घेतले, पुष्कळ झालं. चपला घाल.”

“मला धरतील, आई. तुलाही त्रास देतील.”

“माझ्या तोंडात काही राहत नाही म्हणून तू इतकी वर्षं गप्प बसलीस ना? बरोबरच केलंस. आता त्या तोंडाचा उपयोग होऊ दे.”

रस्त्यावर जिकडेतिकडे घोळके होते, डागावरून हमरीतुमरी चालली होती. दोघी कडेकडेने चालल्या. पिशवी आईने मेणबाईला धरू दिली नाही. जुन्या पोस्टाच्या जिन्यावर तिला धाप लागली, तरी ती थांबली नाही.

समितीच्या बाईंनी खुर्च्या दिल्या. आई बसली नाही. तिने फडकं सोडून हात टेबलावर ठेवला, डाग वर येईल असा, आणि कुणी उचलून नेऊ नये म्हणून स्वतःचा पंजा त्यावर ठेवला. बाई डागाकडे बघत राहिल्या, मग करंगळीकडे, मग मेणबाईकडे. या वेळी मेणबाईने मान खाली घातली नाही.

“हा थोरल्यांचा हात?” बाईंनी विचारलं.

“नाही,” आई म्हणाली. “माझ्या नवऱ्याचा.”

“त्यांचं नाव?”

आईने नाव सांगितलं. आडनावासकट, स्वच्छ आणि मोठ्याने, की बाहेरच्या बाकावर बसलेल्या शिपायाने मान वळवून आत बघितलं. मग बाईंनी लिहून घेईपर्यंत ती थांबली, अक्षर न् अक्षर बरोबर आहे ना ते वाकून बघितलं, आणि मगच तिने टेबलावरचा आपला हात उचलला.